थांबलेले हात

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि माणसं बाजाराला पायी जात. नदीकाठच्या एका गावात दर आठ दिवसांनी बाजार भरायचा. बाजाराच्या मधोमध वडाचा मोठा पार होता, आणि त्या पारावर बसून एक बाई गोष्टी सांगायची. लोक तिला गोष्टवाली म्हणत.

तिच्या पाठीशी ना राजा होता, ना देऊळ. ज्याला आवडेल त्यानं ऐकावं आणि जाताना तिच्या पदरात पसाभर धान्य टाकावं, एवढाच व्यवहार. वीस वर्षं तिनं हेच केलं. पण आता तिचे पाय दुखत, घसा बसे, आणि गोष्ट अर्ध्यावर आली की माणसं धोतर झटकून उठत. उठून जाणाऱ्यांच्या पाठी बघून बघून ती दमली होती.

एका बाजारी पाराच्या पलीकडच्या अंगाला एक ढोलवाला आला. तो ढोल बडवायचा, कोलांट्या मारायचा, सासू-सुनेच्या नकला करायचा. बघता बघता त्याच्याभोवती माणसांचं कडं झालं.

गावचे पाटील अडकित्त्यानं सुपारी कातरत तिथं आले. अडकित्ता त्यांच्या हातात सदा असायचा. बोलताना, चालताना, न्याय देतानासुद्धा त्याची कटकट चालूच.

"बाई, पार एक आणि मागणारे दोन," ते म्हणाले. "आणखी दोन बाजार बघतो. दुसऱ्या बाजारी ज्याच्यापुढं जास्त माणसं, त्याचा पार."

गोष्टवालीनं मान हलवली. त्याच आठवड्यात तिच्या भावाचा निरोप आला होता, 'पुरे झाली वणवण. घरी ये. गुरांकडे बघायला माणूस हवंच आहे.' तिनं मनाशी ठरवलं, पार गेला तर गोष्टही गेली. मग आपली गुरं बरी.

घाबरलेला माणूस भेटेल त्याला वाट विचारतो. गोष्टवालीनंही तेच केलं.

तेली म्हणाला, "गोष्टीत राजा पाहिजे. राजाशिवाय गोष्टीला वजन नाही."

वेशीवरचा शिपाई म्हणाला, "राजा आहे तर लढाई नको का?"

बांगड्या विकणारी म्हणाली, "लढाया कसल्या घेऊन बसलीस! एक लग्न घाल. चांगलं दणक्यात लाव."

ती तेव्हा जी गोष्ट सांगायची तिच्यात मुळात होता एक नावाडी आणि एक नदी. आता त्याच्या नावेत राजा बसला. राजामागून फौज चढली. भर पाण्यात लग्न लागलं आणि वऱ्हाड जेवायला बसतंय तोच राक्षस आला. नावाडी बिचारा वल्हं धरून कोपऱ्यात उभा राहिला, त्याला कुणी विचारीना.

पुढच्या बाजारी तिनं पितळी थाळी बडवून माणसं गोळा केली. थाळी ऐकून माणसं आली. लग्न लागेपर्यंत अर्धी गेली. राक्षस मेला तेव्हा समोर चौघंच उरली होती, आणि त्यातला एक झोपलेला होता.

पाराच्या बाजूला, कडुलिंबाखाली, टोपल्या विणणारी एक आजी बसायची. तिनं तिथूनच विचारलं, "संपली का गं?"

"संपली आजी."

"कोणती?"

"म्हणजे?"

"मी पाच-सहा गोष्टी ऐकल्या की आज. त्यातली कोणती संपली?"

गोष्टवाली तिच्यापाशी जाऊन मटकन खाली बसली. "थट्टा करू नका आजी. ज्याला जे हवं ते सगळं घातलं मी. तरी माणसं उठतात."

आजीनं हातातली बांबूची कामटी वाकवली. "मला तेली म्हणाला होता, टोपलीचं बूड घट्ट विण, थेंब गळता कामा नये. कोळीण म्हणाली, भोकं ठेव बाई, मासळीचं पाणी गळून गेलं पाहिजे. दोघांची मिळून एकच टोपली विणली असती तर?"

गोष्टवालीला हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी.

"मी कोळणीची टोपली विणली," आजी म्हणाली. "तेली रागावून गेला. जाईना का. कोळीण मात्र दुसऱ्या चार कोळणींना घेऊन आली."

"पण मग ऐकायचं तरी कुणाचं?"

"तोंडाचं ऐकू नकोस. माणूस तोंडानं काहीही सांगतो. कधी तुला बरं वाटावं म्हणून, कधी आपण शहाणं दिसावं म्हणून. तू हात बघ. तुझ्यापुढं बसतात ती कामाची माणसं. कुणी डाळ निवडतं, कुणी वाती वळतं. गोष्ट पोकळ असली की हात चालू राहतात. गोष्टीत जीव आला की हात थांबतात, आणि ते ज्याचं त्यालाही कळत नाही."

"तुमचे हात थांबले कधी?"

"एकदा. कुठं ते सांगणार नाही. शोध तू."

मधले आठ दिवस गोष्टवाली गावभर फिरली. पाय दुखत होते तरी फिरली. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना तिनं गोष्ट सांगितली. दोर वळणाऱ्याच्या अंगणात सांगितली. कुंभाराच्या चाकाशेजारी बसून सांगितली. ती कुणालाच 'कशी वाटली' म्हणून विचारीत नव्हती. नुसते हात बघत होती.

राजा आला, हात चालूच. फौज आली, चालूच. राक्षसानं डरकाळी फोडली तेव्हा कुंभारानं मडकं उतरवून दुसरा गोळा चाकावर ठेवला. नदीवरच्या चांदण्याचं एक वर्णन तिनं महिनाभर खपून रचलं होतं. ते तिचं स्वतःचं फार लाडकं होतं. घाटावरच्या बायकांनी ते ऐकत ऐकत दोन लुगडी पिळून टाकली.

हात थांबले ते भलत्याच जागी. नावाड्याची बायको नदीपलीकडे माहेरी जाते आणि परत येत नाही. तरी नावाडी रोज संध्याकाळी रिकामी नाव पलीकडे नेतो आणि रिकामीच परत आणतो. कुणीतरी विचारतं, "बाबा, रिकामी नाव कशाला नेतोस?" तो म्हणतो, "पलीकडे कुणी येऊन उभं राहिलं, आणि नाव अलीकडेच असली, तर?"

इथं घाटावरचे हात थांबले. दोर वळणाऱ्याचा पीळ हातातच सुटला. कुंभाराचं चाक आपोआप मंदावलं. एवढंसं ते वाक्य. राक्षसाकडे पोचायच्या घाईत ती ते नेहमी भरभर सांगून टाकायची.

बाजाराच्या आदल्या रात्री घरी येऊन तिनं राजाला नावेतून उतरवलं. फौज, वऱ्हाड, राक्षस, सगळी उतरली. शेवटी चांदणंही काढलं. ते काढताना तिला रडू आलं, पण काढलं.

ठरलेला बाजार उजाडला. तिनं थाळी आणली नव्हती. ती पारावर बसली आणि शेजारी बसलेल्याशी बोलावं तशा आवाजात तिनं सुरुवात केली, "एक नावाडी होता."

पलीकडे ढोलापुढं शंभरावर माणसं होती. हिच्यापुढं वीस-बावीस. पण त्यातलं कुणी उठेना.

पाटील आले. कट, कट. त्यांनी तिकडची माणसं मोजली, इकडची मोजली. निकाल सांगायला ते तिच्याजवळ येऊन उभे राहिले, गोष्ट संपायची वाट बघत. तेवढ्यात नावाडी म्हणाला, "आणि नाव अलीकडेच असली, तर?"

अडकित्ता थांबला. सुपारी अर्धी कातरलेली तशीच राहिली.

गोष्टवालीनं ते पाहिलं आणि ती आणखी सावकाश सांगू लागली. नावाडी म्हातारा झाला. एके दिवशी त्याला ताप भरला. संध्याकाळ झाली तरी त्याला उठवेना. वीस वर्षांत पहिल्यांदा नाव अलीकडेच राहिली. "आणि नेमकी त्या दिवशी पलीकडून हाक आली," असं म्हणून ती थांबली.

कुणी हललं नाही. पाटलांनी खाकरून घसा मोकळा केला.

"बाई, शब्द म्हणजे शब्द. माणसं तिकडे जास्त आहेत. पार ढोलवाल्याचा."

"खरं आहे पाटील," असं म्हणत गोष्टवाली उठली. तिनं चटई गुंडाळली. भावाचं घर तिच्या डोळ्यांपुढं आलं. आता संपलं, असं तिला वाटलं.

पण पाटील जाईनात.

"ती... हाक कुणाची होती?"

गोष्टवालीनं मागं पाहिलं. वीस-बावीस माणसं अजून तशीच बसली होती. डाळ निवडणारीच्या सुपात डाळ पडून होती. कडुलिंबाखाली आजीच्या हातात कामटी अर्धी वाकलेली होती.

"पुढच्या बाजारी सांगते," तिच्या तोंडून निघून गेलं. "कडुलिंबाखाली. उन्हं कलली की."

आजी नुसती सरकली आणि तिनं शेजारी जागा केली.

पुढच्या बाजारी पाटील स्वतःची घोंगडी घेऊन कडुलिंबाखाली आले. दोर वळणारा भावाला घेऊन आला, घाटावरच्या बायका आपापल्या जावांना. हाकेची गोष्ट संपायच्या आत गोष्टवालीनं मनात दुसरी विणायला घेतली होती. हे ती आजीकडे बघून शिकली. आजीची एक टोपली विकली जाई तेव्हा दुसरीचं बूड तयार असे.

पुढं ढोलवाल्याच्या कोलांट्या गावाला पाठ झाल्या आणि तो दुसऱ्या गावी गेला. पाटील म्हणाले, "बाई, पार मोकळा आहे."

"नको पाटील. या जागेची वाट लोकांच्या पायांना ठाऊक झालीय. ती मोडू नये."

तिचे पाय पुढंही दुखतच राहिले. कधी बाजार लवकर फुटायचा, समोर एकटी आजी असायची. तरी उन्हं कलली की ती बसायची आणि सांगायची. भावाला तिनं उलट निरोप धाडला, "गुरांकडे बघायला दुसरं माणूस बघ. मला इथं दर बाजारी माझी नाव पलीकडे न्यायची आहे."

तात्पर्य: गर्दीची डोकी मोजू नयेत, कुणाचे हात थांबतात ते बघावं आणि त्यांच्यासाठी ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर राहावं.