सोळा पावलांचं घर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माणसं घरं हातांनी बांधत आणि हातांनीच मोजत. नदीकाठच्या एका गावात तर रीतच होती. घर घेणाऱ्याने हात-हात अंतरावर गाठी मारलेली दोरी आधी भिंतीपासून भिंतीपर्यंत लावायची आणि मगच पंचांसमोर सुपारी फोडायची. सुपारी फुटली की व्यवहार पक्का. मग ब्रह्मदेव आला तरी तो मोडत नसे.

नदीपलीकडे एक विणकर राहत होता. कापड दोनदा मोजल्याशिवाय तो कधी कात्री लावायचा नाही. त्याच्या मोठ्या मागावर विणलेल्या पांघरायच्या रुंद पासोड्या राजवाड्यातही जात. घर ऐसपैस, बायको शहाणी. पण त्याचं मन मात्र अलीकडच्या गावातल्या एका घरात अडकलेलं. तो लहान असताना वडिलांनी ते विकलं होतं. त्या घरात चुलीजवळ बसवून आई त्याचे पाय शेकायची. दारापासून चुलीपर्यंत सोळा पावलं होती. रोज ती मोजत तो आईकडे पळायचा.

एक दिवस निरोप आला. त्या घराचा म्हातारा मालक घराची अदलाबदल करायला तयार होता. नातवंडं वाढली होती, त्याला मोठं घर हवं होतं. मोठं घर हवं असलेला माणूस हे घर का सोडतोय, असा साधा प्रश्न आपल्या विणकराला पडला नाही.

पंच ओट्यावर जमले. म्हाताऱ्याने दोरी पुढे केली. "आत जा, दोरी लाव, मग बोल."

"आईच्या घराला दोरी लावू?" विणकराचे डोळे भरून आले. "दारापासून चुलीपर्यंत सोळा पावलं. मला पाठ आहे."

बायको हळूच म्हणाली, "अहो, आपल्या मागाला बारा हात जागा लागते. एकदा बघून तर घ्या."

"तुला नाही कळायचं ते," तो म्हणाला आणि त्याने सुपारी फोडली.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीवर माग आला. विणकर दारात थांबला, डोळे मिटले आणि मोजत निघाला. सहाव्या पावलाला त्याचा अंगठा चुलीवर आपटला. तो परत दारात गेला, पुन्हा मोजत आला. पुन्हा सहाच.

माग काही आत मावेना. म्हातारा अजून अंगणात सामान बांधत होता, तो धावत त्याच्याकडे गेला. "बाबा, माझे वडील तर इथेच माग चालवायचे."

"चालवायचा की. लहानसा माग होता, अंग पुसायच्या पंच्यांपुरता."

"आणि सोळा पावलं?"

म्हाताऱ्याने त्याच्या पायांकडे पाहिलं. "असतील रे लेकरा. पण तेव्हा तुझी पावलं केवढी होती?"

खोटं कोणीच बोललं नव्हतं, आणि सुपारी त्याच्याच हातांनी फुटली होती.

मोठा माग अंगणात उभा राहिला आणि दोन पावसाळ्यांत कुजला. पासोड्या विणणारा विणकर जन्मभर पंचे विणत राहिला. संध्याकाळी चुलीजवळ पाय शेकताना त्याला आई आठवायची, बरंही वाटायचं. मग नजर अंगणाकडे जायची. पुढे गावात कोणीही घर घ्यायला आलं, की तो स्वतः दोरी घेऊन जाई आणि तिचं एक टोक धरून उभा राही.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, घरावर जीव खुशाल लावा, पण सुपारी फोडण्याआधी दोरी लावा.