कोऱ्या पुस्तकांचा ढीग

एकदा एका पेठेतल्या वाचनालयात एक वृद्ध ग्रंथपाल होते. मुलांसाठी पुस्तक निवडायचे झाले, की आईबाप त्यांच्यापुढे येऊन बसत. त्यांचे दोन शिष्य होते. थोरला बारा वर्षे राबलेला, मोठा व्यासंगी. धाकटी अगदी कालपरवा आलेली. आता वृद्धांची दृष्टी मंदावली होती आणि त्यांच्या जागी कोण बसणार, हे ठरायचे होते.

थोरल्याला ती जागा आपलीच वाटे. पण पालक जात ते सरळ धाकटीकडे! ती हसत काहीबाही विचारी, पोरे खिदळत आणि इकडे याच्या अंगाचा तिळपापड होई. 'हिने वाचलंय तरी काय?' तो धुसफुसे. खरे सांगायचे तर हेव्यापायी त्याला अन्न गोड लागत नव्हते.

एके दिवशी वृद्ध थोरल्याला म्हणाले, "वर्षभरात तुम्ही दोघांनी दिलेली पुस्तकं वेगवेगळी काढ आणि फाटलेली शिवून ठेव."

एवढ्या विद्वानाला हे काम? पण थोरल्याने पुस्तके काढली मात्र, आणि तो हरखलाच. दोन ढीग घेऊन आला. "गुरुजी, बघा! माझी एकूण एक कोरी करकरीत. आणि हिची? चिंचेचे डाग, कोपरे दुमडलेले, एकाचा तर पुठ्ठाच गायब! हिच्या हाती वाचनालय द्यायचं?"

"अरे, वाढलेलं ताट जसंच्या तसं परत आलं, तर वाढणाऱ्यानं मिरवायचं का?" वृद्ध शांतपणे म्हणाले. "तू बापाला विचारतोस, मुलाला कोण करायचंय? ती विचारते, पोर कशात रमतं, कशाला घाबरतं? तू दिलेलं पाहून बाप खूश होतो. पोर ते उघडत नाही. उद्यापासून इथे ती बसेल."

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आले. राग आला, लाजही वाटली. हेवा तर होताच.

तेवढ्यात एक कापडाचे व्यापारी लेकीला घेऊन आले. "काहीतरी भारदस्त द्या हो, पोरगी हुशार झाली पाहिजे."

थोरल्याचा हात सवयीने एका जाड ग्रंथाकडे गेला आणि थांबला. तो मुलीपुढे खाली बसला. "बाळ, तुला कशाची भीती वाटते गं?"

मुलीने बापाकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "नव्या शाळेत माझ्याशी कुणी बोलत नाही."

थोरल्याने सगळ्या कपाटांवरून नजर फिरवली. एकही नाव सुचेना. त्याने धाकटीला हाक मारली, "ताई, जरा इकडे येता का? हिला काय द्यावं, मला कळत नाहीये."