जाड अक्षराचं पोट

एकदा एक अक्षरं कोरणारा म्हातारा होता. असं म्हटलं की आताची मंडळी विचारतात, अक्षरं कोरायची कशाला, ती फोनमध्ये आयती असतात की. असू देत बापडी. कुस्त्यांच्या मैदानाचं पोस्टर शिसवी लाकडाच्या वीतभर अक्षरांनी छापलं जाई, त्या काळातली ही गोष्ट आहे. तो काळ आठवला की रॉकेल आणि शाईचा एकत्र वास अजून माझ्या नाकात येतो, आणि खरं सांगतो, जीव तुटतो.

म्हाताऱ्याला गावात नरहरमास्तर म्हणत. त्यांच्याकडे केरबा नावाचा सुतारघरचा तरुण शिकायला होता. त्याच्या वडिलांनी मोजून दोन वर्षांची मुदत दिली होती. दसऱ्यापर्यंत स्वतःच्या हातचा अक्षरांचा एक संच विकून दाखवला तर राहा, नाहीतर मुकाट्याने घरी ये आणि दारं-खिडक्या कर. केरबाला तर झोपेतही अक्षरंच दिसत.

त्याने संच कोरला तोही असा की मास्तरांच्या शेजाऱ्यांनी बघायला यावं. उभ्या दांड्या अंगठ्याएवढ्या जाड, जोडरेषा केसासारख्या बारीक, आणि प्रत्येक दांडीच्या तळाशी निमुळती, धारदार चोच. पोटातली पांढरी जागा त्याने मुद्दाम चिमुकली ठेवली होती. अक्षर जितकं काळं तितकं भारदस्त, असा त्याचा हिशेब. गुळगुळीत कागदावर त्याने स्वतः एक छाप काढून पाहिला, तेव्हा तो कितीतरी वेळ त्याच्यासमोर नुसता बसून राहिला.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना एका छापखान्याचे शेठ संच बघायला आले. नवा संच गिऱ्हाइकाला दाखवताना उत्तम कागद, उत्तम शाई वापरायची, हा त्या धंद्यातला रिवाज. मास्तरांनी मात्र फळीवरचा सगळ्यात हलका, पिवळा, खरबरीत कागद काढला. शाईत रॉकेल ओतून ती पातळ केली, रूळ दोनदा फिरवला आणि छाप घेतला. व्हायचं तेच झालं. अक्षरांची पोटं बुजली, चोची फुगल्या, आणि मोठ्या दिमाखात कोरलेल्या ओळीचा नुसता काळा चिखल झाला. शेठ सभ्य माणूस. पुढच्या हंगामाला बघू, एवढंच म्हणून ते चहा न घेता उठले.

केरबाने तो चिखल झालेला छाप मास्तरांसमोर धरला. "मास्तर, तुम्ही माझा घात केलात," तो म्हणाला.

मास्तरांनी छत्री घेतली आणि त्याला एसटी स्टँडाच्या भिंतीपाशी नेलं. तिथे गेल्या वर्षीच्या मैदानाचं एक पोस्टर उन्हापावसात विटून चिकटलेलं होतं. अक्षरं मास्तरांच्या हातची, वीस वर्षं वापरातली. रस्त्यापलीकडून ते सगळं स्वच्छ वाचता येत होतं. मग त्यांनी केरबाला जवळ जाऊन बघायला सांगितलं. जवळून ती अक्षरं काही देखणी नव्हती. पोटं गरजेपेक्षा मोठी, आणि जिथे रेषा रेषेला मिळते त्या प्रत्येक कोपऱ्यात नखभर जास्तीची खाच, शाईने अर्धवट भरलेली.

"चांगल्या कागदावर कुणाचंही अक्षर चांगलं दिसतं," मास्तर म्हणाले. "पण हे अक्षर भिंतीसाठी आहे. कागद हलका असणार, शाई पातळ असणार, छापणारा घाईत असणार. यातलं काहीच तुझ्या हातात नाही. शाई पसरणारच, तिला पसरायला जागा तू ठेवायचीस. जाड अक्षर काळ्यावर उभं राहत नाही बाबा, पोटातल्या पांढऱ्यावर उभं राहतं. आज शेठने संच नेला असता, तर पहिल्याच मैदानाला तो तुझ्या नावासकट अडगळीत गेला असता."

केरबा परत आला आणि त्याने कोरणी हातात घेतली. लाकूड वाढवता येत नाही, पण कोरून काढता येतं. सात दिवस तो एकेका अक्षराचं पोट मोकळं करत होता आणि कोपऱ्यात खाचा पाडत होता. आपण हौसेनं घडवलेलं आपल्याच हातानं कमी करताना त्याला रडू येई, तेही त्याने लपवलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वडील न्यायला आले. संच विकला गेलेला नव्हता. केरबाने पत्र्याची ट्रंक भरून ठेवली होती. जाण्याआधी त्याने एकच केलं. त्याच पिवळ्या कागदावर, त्याच पातळ शाईत छाप काढून समोरच्या भिंतीला लावला. वडिलांना वाचायला जेमतेम येई. त्यांनी उंबऱ्यातूनच बोट फिरवत, अडखळत का होईना, अख्खी ओळ वाचली. मग आत आले, एक अक्षर उचललं, खाचेत नख घालून बघितलं आणि ह्या कशाला, म्हणून विचारलं.

केरबाने सांगितलं, शाईला पसरायला.

म्हातारा सुतार हसला. "पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून दाराला फट सोडायची, हे मी तुला सहाव्या वर्षी शिकवलं हुतं. आन् ते समजायला तुला हितं दोन वर्सं लागली व्हय?"

वडिलांनी ते अक्षर परत फळीवर ठेवलं, मास्तरांना नमस्कार केला आणि गावाकडची एसटी किती वाजता म्हणून विचारलं. एकाच माणसाचं तिकीट काढून ते गेले. ट्रंकेला त्यांनी हातही लावला नाही.