रिकाम्या चुलीचा धूर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती कोणत्या राजाच्या राज्यात घडली हे खुद्द राजालाही सांगता येणार नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते, आणि त्या गावात एक चांगली चाल होती.

दिवस मावळायला आला, की गावातली सर्वांत वडीलधारी बाई देवळापुढच्या उंच जोत्यावर येऊन बसे. तिला सगळे थोरली आई म्हणत. तिथून ती घराघरांच्या छपरांकडे पाही. ज्या छपरातून धूर निघाला नाही, त्या घरी शिजवायला काही नाही, हे तिला कळे. मग ती त्या घरच्या शेजारणीला खूण करी. शेजारीण भाकरी टोपलीखाली झाकून त्या घराच्या मागच्या दाराशी ठेवून येई. कोणी काही विचारायचे नाही आणि कोणी काही सांगायचे नाही, असा नेम होता.

नेम चांगला, पण माणसाच्या जिभेला हाड नसते. भाकरी ठेवून आलेली बाई दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर हळूच म्हणे, "काल अमकीकडे टोपली गेली बरं का." बाकीच्या नुसत्या हसत. ती अमकी घागर घेऊन निघाली, की ते हसू तिच्या पाठीला घरापर्यंत टोचत राही.

या गावात एक बुरुडीण राहत होती. तिचा नवरा बांबू फाडायचा आणि ती रोवळ्या विणायची. धान्य धुवायची रोवळी गावात घरोघर होती, आणि प्रत्येक रोवळी हिच्या हातची होती. तीही पाणवठ्यावर हसलेली होती. शेजारच्या विधवा तेलिणीच्या दाराशी टोपली गेली, तेव्हा तर सगळ्यांत मोठ्याने हसली होती.

एका वर्षी पाऊस रुसला. पुढच्या वर्षीही रुसला. बुरूड टोपल्यांची कावड खांद्यावर घेऊन घाटापलीकडच्या बाजारांना गेला. "धान्य घेऊनच येतो," म्हणाला. गेला तो गेलाच. मागे राहिली बुरुडीण, तिची डोळे गेलेली सासू, एक मुलगी आणि नुकता बोलायला लागलेला मुलगा.

घर चालवणारी बाई धान्याच्या कणगीचा तळ दिसायच्या आधीच घाबरलेली असते. बुरुडिणीने हात आखडला. आधी भाकरी पातळ झाली, मग भाकरीची पेज झाली, मग पेजेचे पाणी. नाचणीत तिने कोंडा मिसळला, कोंड्यात आंब्याच्या कोयी दळून मिसळल्या. शेवग्याचा पाला, चिंचेचा पाला, जे जे जनावर खाते आणि मरत नाही ते तिने शिजवले. चटणीत ती मिरची मुद्दाम जास्त घाली, म्हणजे पोरे पाणी जास्त पितील आणि पोट भरल्यासारखे होईल. स्वतः मात्र पेजेचे भांडे विसळून ते पाणी प्यायची आणि सासूला सांगायची, "मी जेवले."

मग एक दिवस तिने कणगी झाडली, तर नुसती धूळ पडली.

दिवस कलत होता. थोरली आई आता जोत्यावर येऊन बसली असेल. आज या छपरातून धूर निघणार नाही. मग मागच्या दाराशी पावले वाजतील, टोपली येईल, आणि उद्या पाणवठ्यावर... पुढचे तिच्या मनातही येईना.

तुम्ही म्हणाल, एवढी कसली लाज? म्हणा. पोट भरलेल्या माणसाला असे प्रश्न सुचतात.

बुरुडाच्या घरी बांबूच्या ढलप्यांना काय तोटा? तिने ओंजळभर ढलप्या चुलीत घातल्या, वर ओला पाला टाकला आणि फुंकर मारली. छपरातून धूर निघाला. असा दाट, काळा, भरल्या घरासारखा धूर, की जोत्यावर बसलेल्या थोरल्या आईने समाधानाने मान हलवली.

पण धूर घरातल्यांनाही दिसतो ना! मुलगी ताटली घेऊन चुलीपुढे येऊन बसली. तिच्याशेजारी धाकटा बसला. कोपऱ्यातून सासू म्हणाली, "सूनबाई, धुराचा वास येतोय. भाकरीचा का नाही येत?"

"सर्दी झालीय तुम्हाला, आत्याबाई," बुरुडीण म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबून मागच्या अंगणात गेली.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे ती डोंगरात गेली. साळिंदरांनी जागोजाग जमीन उकरली होती, आणि उकरलेल्या मातीत अर्धे कुरतडलेले कंद पडले होते. ती खणत राहिली. नखे तुटली, पण टोपली भरली. त्या डोंगरातल्या कंदाला कडवा कंद म्हणत. घरी येऊन तिने एक कंद सासूच्या हातात दिला.

म्हातारीने तो चाचपला, हुंगला आणि तिचा हात थबकला.

"हा साळिंदराला पचतो, माणसाला नाही," ती म्हणाली. "पण पोटाची वेळ आलीच, तर माझी आई करायची तसं कर. पातळ चकत्या काप, राख चोळ, रोवळीत घाल आणि वाहत्या पाण्यात ठेव. पाणी वाहून वाहून त्याचं विष नेतं. घरच्या भांड्यात भिजवशील तर विष तिथंच फिरत राहील. वाहतं पाणीच हवं. ऐकलंस ना?"

"ऐकलं, आत्याबाई."

तिने चकत्या कापल्या, राख चोळली, रोवळीत भरल्या. रोवळी काखोटीला मारून ती दारापर्यंत गेली. आणि तिथेच तिचे पाय जड झाले.

वाहते पाणी म्हणजे ओढा. ओढ्यावर सगळा गाव पाण्याला येणार. एखादी वाकून विचारणार, "ही कोणाची गं रोवळी? आणि आत काय? अगं बाई, कडवा कंद!" आता रोवळी तर जिथे जाईल तिथे बुरुडिणीचेच नाव सांगणार.

ती मागे फिरली. घरात होते तेवढे सगळे पाणी तिने रांजणातून आणि घागरींतून काढले. चकत्या भिजवल्या, पाणी ओतले, पुन्हा भिजवल्या. घराबाहेर पाऊल न टाकता जेवढे करता येईल तेवढे सगळे केले. शेवटी एक चकती शिजवून आधी स्वतः खाल्ली आणि वाट पाहिली. काही झाले नाही. जीभ थोडी चुरचुरली, पण उपाशी जीभ चुरचुरतेच, असे तिने मनाला समजावले.

"वाहत्या पाण्यात ठेवलास ना गं?" सासूने विचारले.

"हो."

इतके लहान खोटे ती आयुष्यात बोलली नव्हती, आणि इतके मोठेही.

दुपारी तिने उकडलेल्या चकत्या मीठ लावून वाढल्या. सासूने दोन घास घेऊन ताटली बाजूला सारली. मुलीला चव आवडली नाही, तिने बरेचसे टाकले. धाकट्याने मात्र बहिणीचेही उचलून खाल्ले. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवत होता. त्याच्या गालाला लागलेले मीठ पुसताना बुरुडिणीला इतका आनंद झाला, की तिला रडू आले.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "आई, जीभ टोचते."

तिने पाणी दिले. पाणी ओठांच्या कडेने खाली ओघळले. त्याला गिळता येईना.

मग तो बोलायचा थांबला. मान एका बाजूला कलली. डोळे उघडे होते, पण ते आईकडे पाहत नव्हते. तिने त्याला हलवले, गालावर चापट्या मारल्या, कानाशी हाका मारल्या, पण त्या हळू आवाजात. हो, तेव्हासुद्धा हळू आवाजात! भिंतीपलीकडे तेलीण होती.

ती पोराला घेऊन दारापाशी आली. हात कडीवर ठेवला. कडी काढायची आणि हाक मारायची, एवढेच काम होते. पण हाक मारली की लोक येणार. लोक आले की चुलीवरचे भांडे उघडणार. कालचा धूर खोटा होता, हे उघडे पडणार. पोराचा श्वास घरघरत होता आणि बुरुडिणीचा हात कडीवर नुसता पडून होता. आपल्या हाताला झाले तरी काय, हे तिचे तिलाच कळेना. आई असून हात उचलत नाही! त्या क्षणी तिला विषाचे जेवढे भय वाटले नाही, तेवढे स्वतःचे वाटले.

कोपऱ्यातून सासूचा आवाज आला. "पोर गप्प का आहे? सूनबाई, खरं सांग. कुठल्या पाण्यात ठेवला होतास कंद?"

"घरच्या," बुरुडीण म्हणाली.

तो शब्द तोंडातून निघाला आणि कडी निघाली. कशी निघाली ते तिलाही कळले नाही. ती वाटेवर धावत आली आणि गाव गोळा होईल असा टाहो तिने फोडला.

"धावा गं बायांनो! माझ्या घरात दाणा नाही! माझ्या चुलीचा धूर खोटा होता! मी पोराला घरच्याच पाण्यात भिजवलेला कडवा कंद घातला! कुणीतरी वाचवा हो त्याला!"

सगळ्यांत आधी तेलीण आली. तिने काहीही विचारले नाही. पोराला उचलून मांडीवर पालथे घेतले, त्याच्या घशात बोट घातले, पाठीवर थापट्या मारल्या. त्याला एक उमासा आला, मग दुसरा.

"पाणी आण," ती म्हणाली. "घरचं नको, त्यात विष उतरलंय. ओढ्याचं आण. आणि पाणवठ्यावर नको जाऊस, लांब पडेल. खालच्या वळणावर जा, करंजाखाली. पळ!"

बुरुडीण घागर घेऊन पळाली. खालच्या वळणाला सहसा कोणी जात नसे. करंजाच्या मुळ्या तिथे पाण्यात उतरलेल्या होत्या आणि त्यांच्यावर कोणीतरी पाला पसरून ठेवला होता. तिने घागर बुडवायला पाला बाजूला केला, आणि तिचा हात तसाच राहिला.

पाल्याखाली रोवळ्या होत्या. दगड ठेवून दाबलेल्या, वाहत्या पाण्यात बुडवलेल्या. प्रत्येकीत कडव्या कंदाच्या चकत्या होत्या. आपल्या हातची वीण कोणाला ओळखू येत नाही? ही कडीची रोवळी तेलिणीची. ही रुंद बुडाची सुताराकडची. ही लाल काठाची, लेकीच्या लग्नासाठी हौसेने रंगवून घेतलेली, ती तर पाटलिणीची. एकीशेजारी एक, अशी गावातली कितीतरी घरे त्या पाण्यात लपून बसली होती.

तिला हसू आले नाही. तिला भीती वाटली. इतक्या घरांतल्या इतक्या कड्या तिच्यासारख्याच आतून लागलेल्या होत्या.

घागर भरून ती धावत आली. तेलिणीने थेंब थेंब पाणी पोराच्या तोंडात घातले, पुन्हा पुन्हा ओकवले, ओल्या फडक्याने त्याचे अंग पुसले. दारात बाया जमल्या होत्या, आणि एकही हसत नव्हती. उन्हे उतरता उतरता पोराने हात हलवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आई." तेव्हा कुठे बुरुडिणीच्या जिवात जीव आला.

तिने तेलिणीचे पाय धरले. "मी तुला हसले होते," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," तेलीण म्हणाली. "म्हणून तर मीही रोज चुलीत गोवऱ्या जाळत होते. नुसत्या धुरासाठी."

दारातल्या बायांनी माना खाली घातल्या. पाटलिणीने हळूच काठाचा पदर तोंडाला लावला.

त्या संध्याकाळी बुरुडिणीने चूल पेटवली नाही. तेलिणीने पेटवली नाही. सुताराच्या, पाटलाच्या, साऱ्या खोट्या चुली त्या दिवशी थंड राहिल्या. थोरली आई जोत्यावर येऊन बसली, तिने छपरांकडे पाहिले आणि ती चरकली. सगळा गाव मेल्यासारखा दिसत होता. ती काठी टेकत खाली उतरली आणि बायांनी तिला सगळे सांगितले.

म्हातारी तिथेच खाली बसली. मग म्हणाली, "माझ्याकडे आणि कुंभाराकडे अजून थोडं धान्य आहे गं. आम्ही रोज चार भाकऱ्या जास्तीच्या थापत होतो. पण ज्या छपराकडं पाहावं त्यातून धूर! कुणालाच नको, असं समजून रोज त्या गाईला घालत होतो."

बुरुडिणीने मांडीवर निजलेल्या पोराकडे पाहिले. गावातच चार भाकऱ्या होत्या, आणि तिने त्याला विष वाढले होते.

दुसऱ्या दिवसापासून देवळापुढे एकच मोठी चूल पेटली. ज्याच्याकडे जे होते ते त्याने आणले: कोणी मूठभर नाचणी, कोणी कोंडा, कोणी ओढ्यातली रोवळी उघडपणे डोक्यावर घेऊन. पोटभर कोणालाच मिळाले नाही, पण उपाशीही कोणी राहिले नाही. अखेर एक दिवस बुरूडही धान्याची अर्धी गोणी घेऊन परतला, तीही त्याच चुलीपाशी उतरली. असे करत गावाने ते वर्ष काढले.

धाकटा वाचला, वाढला, मोठा झाला. त्याचा आवाज मात्र जन्मभर घोगरा राहिला. पाणवठ्यावर कोणी कोणाला हसू लागले, आणि तेवढ्यात वाटेवरून त्याची हाक ऐकू आली, की ते हसू तिथेच थांबे.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: आपली गरज जो शेजाऱ्यापासून लपवतो, तो शेजाऱ्याच्या हातची भाकरी स्वतःच दूर लोटतो, आणि दुसऱ्याच्या गरजेला जो हसतो, तोच त्याला ती लपवायला शिकवतो.