पॅनेलपुढची चटई

गिरणीत भोंगा वाजत असे तेव्हाची गोष्ट. विजेच्या पॅनेलपुढे काळ्या रबराची चटई अंथरलेली असे आणि तिच्यावर उभं राहूनच शिदू वायरमन खटका ओढी. चटईचं मन मात्र दारात होतं. तिकडे ऊन यायचं, माणसं गप्पा मारत यायची.

"मला एकदा दारात जायचंय हो," ती म्हणे.

"आणि शिदूला माझ्यापासून कोण सांभाळणार?" पॅनेल गुरगुरे.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती. गिरणीतल्या बायकांनी फरशी धुतली आणि पाय पुसायला म्हणून चटई दारात नेऊन टाकली. चटई हरखली. अंगावर ऊन आलं, झेंडूचा वास आला.

तेवढ्यात अनवाणी शिदूने पॅनेलला कुंकू लावायला ओलं बोट टेकवलं आणि किंचाळत तो मागे फेकला गेला. चटईला दारातून नुसतं बघावं लागलं.

शिदू वाचला, हात तेवढा भाजला. कामावर परतताच त्याने चटई स्वतः ओढत आत आणली, कोरडी पुसली आणि तिच्यावर उभा राहिला.

"कुठं गेली होतीस गं?" तो म्हणाला.

दारातलं ऊन चटईला पुढेही आठवायचं. पण भोंगा वाजला, की ती वाट बघायची त्या दोन पायांची.