मचूळ पाणी

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून हळूच कान देणाऱ्या थोरांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाच्या ध्यानात नाही.

त्या राज्यातल्या एका गावात एक तांबट राहायचा. हंडे-कळशा घडवायचा आणि सुखाने दोन घास खायचा. त्याची बायको हाताची चपळ, मनाची प्रेमळ. पण तोंडाला कुरकुरीची सवय. ऊन पडलं तर चटके बसतात, ढग आले तर पापड वाळत नाहीत. सगळ्यात मोठा राग पाण्यावर. गावच्या विहिरीचं पाणी जरा मचूळ होतं. घोट घेतला की हिचं तोंड वाकडं.

"मेलं हे पाणी! माझ्या माहेरचं कसं गोड होतं!"

तांबट आपला हंडा ठोकत राहायचा. हातोड्याच्या आवाजात निम्मं ऐकू यायचं नाही, एवढंच त्याचं नशीब.

गावाबाहेर एक रुग्णशाळा होती. आजाऱ्यांच्या सेवेला घरटी एकाने पाळीपाळीने जायचं, अशी गावाची रीत होती. तांबटाच्या घराची पाळी आली आणि बायको गेली. कुरकुरतच गेली, हे वेगळं सांगायला नको.

तिथल्या वैद्यबुवांनी तिच्याकडे एक म्हातारा नावाडी सोपवला. त्याच्या अंगात पाणी साठलं होतं, हातपाय सुजले होते.

"याला पाणी या पळीनेच द्यायचं. तेही मी सांगेन तेव्हा," असं बजावून वैद्यबुवा रानात मुळ्या आणायला गेले.

ते दिसेनासे होताच म्हातारा म्हणाला, "लेकी, सारा जन्म पाण्यावर काढला, आणि आता पोटभर प्यायला मिळत नाही बघ. तुमच्या विहिरीचं मचूळ पाणीसुद्धा चालेल गं मला."

तिला गलबलून आलं. दारी आलेल्याच्या हाती आधी गूळपाणी द्यायचं, पाणी मागणाऱ्याला कधी नाही म्हणायचं नाही, हे तिला आईने शिकवलं होतं. पळीने काय पाणी द्यायचं? तसं तर मरणाऱ्याच्या तोंडात घालतात! तिने तांब्या भरून पुढे केला. म्हाताऱ्याने तो घटाघटा रिकामा केला.

ऊन उतरायला लागलं तशी म्हाताऱ्याला धाप लागली. त्याला आडवं होता येईना. वैद्यबुवा परतले, त्यांनी नाडी धरली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सकाळी तर बरा होता. माझं औषधच बाधलं की काय? बंद करावं लागेल."

तिने रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर गावभर छीथू होईल. गप्प बसावं तर गुणाचं औषध बंद होईल आणि म्हातारा हातचा जाईल.

"औषध नाही बाधलं, वैद्यबुवा," ती रडत म्हणाली. "मी पाणी दिलं. तांब्याभर."

वैद्यबुवांनी तिच्याकडे पाहिलं. "बोललीस ते बरं केलंस. आता ती मुळी उगाळ. रडायचं ते नंतर."

तिने मुळी उगाळली. चाटण म्हाताऱ्याला चाटवलं आणि त्याच्या पाठीला आधार देऊन ती बसून राहिली. एकेक श्वास ओढताना त्याचे खांदे वर जात होते. आपण दिवसभर श्वास घेतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो, असं तिच्या मनात आलं. देवा, या म्हाताऱ्याला वाचव, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दिवेलागण झाली. म्हातारा काहीतरी पुटपुटला. ती घाबरून वाकली. "काय म्हणता, बाबा?"

"अगं, लघवीला जायचंय मला!"

वैद्यबुवांनी टाळीच वाजवली. "वाचला! साठलेलं पाणी बाहेर पडतंय!"

असल्या गोष्टीने तिला जन्मात कधी एवढा आनंद झाला नव्हता. म्हाताऱ्याला धरून नेताना ती हसत होती आणि रडतही होती. हळूहळू त्याची धाप ओसरली. मग तो आडवा झाला आणि चक्क घोरायला लागला.

त्यानंतर पाळी संपेपर्यंत तिने त्याला पळीनेच पाणी दिलं. प्रत्येक थेंब तो जिभेवर घोळवायचा आणि ती बघत राहायची.

पाळी संपवून ती घरी आली. तांबटाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सवयीने हातोडा उचलला. तिने घोट घेतला. मग दुसरा घेतला. तोंड काही वाकडं होईना.

"काय गं, आपलं पाणी गोड झालं की काय?"

"नाही हो, मचूळच आहे," ती डोळे पुसत हसली. "पण हवं तेवढं पिता येतं!"

तांबटाने हातोडा खाली ठेवला. पुढचं त्याला नीट ऐकायचं होतं.

तात्पर्य : जे रोज न मागता मिळतं, त्याची किंमत ते मागावं लागण्याआधी ज्याला कळते, तोच सुखी.