सोमारीचा अर्धा गडवा

चैत्रातला बुधवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. कोसंबझरी गावाच्या पूर्वेला टेकडीच्या पायथ्याशी मोहाचं झाड आहे. त्या झाडाखाली सोळा वर्षांची सोमारी पेंदाम धावता धावता खाली बसली. हातातला पितळी गडवा तिनं आधी जमिनीवर नीट टेकवला. गडवा काठोकाठ भरलेला होता. एवढं खरं आहे, कारण नन्नावरे गुरुजींच्या मनगटावर घड्याळ होतं आणि त्यांनी ते पाहिलं होतं. बाकीचं असं म्हणतात.

फार वर्षांपूर्वी, जेव्हा कोसंबझरीला सडक नव्हती आणि एसटी तीन मैलांवरच्या नाक्यावरूनच मागं फिरायची, तेव्हा पेंदामांच्या घरी ही मुलगी जन्मली. चालायच्या आधी ती धावली, असं म्हणतात. ती धावली की पायाखालची धूळ उठायला विसरायची, आणि ती पुढच्या वळणाला दिसेनाशी झाली की मग धुळीला आठवण व्हायची. एकदा शेजारीण अडली तेव्हा ती दुसऱ्या गावाहून सुईणीला पाठीवर घालून घेऊन आली. म्हातारी सुईण मरेपर्यंत सांगायची, की घरून निघताना तोंडात टाकलेलं पान कोसंबझरीत पोचल्यावर थुंकलं, मधे चावायला वेळच मिळाला नाही.

नन्नावरे गुरुजी त्या गावात चार वर्गांना मिळून एकटे मास्तर होते. तरुणपणी त्यांनी तालमीत घाम गाळला होता आणि तिथल्या उस्तादानं त्यांना एक गोष्ट शिकवली होती, तोंड कोरडं तर पाय हलके. धावणाऱ्यानं धावण्याआधी पाणी प्यायचं नाही आणि धावताना तर मुळीच नाही. गुरुजींनी तेच सोमारीला शिकवलं. रोज पहाटे ती गावच्या तलावाच्या पाळीवरून फेऱ्या मारायची, गुरुजी घड्याळ धरून उभे राहायचे, आणि पायाशी एवढं पाणी असून ती त्याच्याकडे बघायची नाही. तालुक्याला ती पहिली आली. जिल्ह्याला पहिली आली, तीही अनवाणी.

पण जिंकून आली की ती दोन दोन दिवस गोधडीत तोंड खुपसून पडायची. नडगीत कोणी खिळे ठोकतंय, असं सांगायची. डोळे हळदीसारखे पिवळे व्हायचे. वैदूनं कावीळ म्हणून दंडाला मुळी बांधली. दवाखान्यातल्या माणसानं वाढीचं दुखणं म्हणून पांढऱ्या गोळ्या दिल्या. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असलेल्या बाया तिच्या घराकडे बघून म्हणायच्या, "धावाले पाय हायेत पोरीले, रोवाले नाहीत." नाटकी सोमारी, असं नाव पडलं. ते नाव पाडणारी तोंडं आज तिच्या गोष्टी सांगतात, हेही सांगून ठेवलं पाहिजे.

त्या मार्गशीर्षात सरकारी गाडीतून एक तरुण डॉक्टरीण आली. तिच्या पथकानं शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या गावाचं रक्त घेतलं. नावांची यादी गुरुजींनी स्वतःच्या हातानं केली, दोनशे चौदा माणसं. सोमारीचा नंबर एकशे सात. डॉक्टरिणीनं तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं, की महिन्याभरात अहवाल येईल, तोवर या मुलीला दमवू नका.

गुरुजींनी महिनाभर तिला तलावाच्या पाळीवर पाय ठेवू दिला नाही. दुसराही महिना गेला. त्यांनी पत्र घातलं. मग स्वतः तालुक्याला गेले. तिथं कळलं, वर पाठवलंय. जिल्ह्याला गेले. तिथं कळलं, अजून खालून आलेलं नाही.

आणि चैत्र आला.

कोसंबझरीत चैत्रात कोरडी दौड असायची. नदीवर गडवा भरायचा आणि दोन कोस धावत टेकडीवरच्या मायच्या, म्हणजे गावदेवीच्या, पायाशी रिता करायचा. धावणाऱ्यानं आदल्या संध्याकाळपासून पाण्याला शिवायचं नाही. वाटेत थेंब सांडायचा नाही, थेंब प्यायचा नाही. हातात पाणी आणि घशाला कोरड, हाच त्या दौडीचा मान. तोवर तो मान कोणा मुलीला मिळाला नव्हता. त्या वर्षी गावानं सोमारीचं नाव घेतलं.

गुरुजी नाही म्हणू शकले असते. पण शहरात खेळाडू मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथं दोन वेळचं जेवण होतं, पायात बूट होते आणि महिन्यातून एकदा डॉक्टर यायचा. तिथले साहेब ही दौड बघायला येतो म्हणाले होते. ही पोरगी एकदा तिथं गेली की तिच्या दुखण्याचा छडा लागेल, असं गुरुजींना वाटलं. तिला वाचवायचा एवढा एकच रस्ता त्यांना दिसत होता, आणि त्या रस्त्यावर त्यांनी तिला धावायला उभं केलं.

दौड सूर्योदयाला सुटते. साहेबांची जीप आली नव्हती. गुरुजींनी हात जोडले, थोडं थांबू या. गाव थांबलं. सोमारी नदीच्या काठावर, वाळूत, भरलेला गडवा मांडीवर घेऊन बसून राहिली. आठ वाजले, नऊ वाजले. वाळू तापली. साडेदहाला गावचा पुजारी भुमक रैनू आत्राम म्हणाला, आता वेळ टळते. दौड सुटली. साहेब त्या दिवशी आले नाहीत, नंतरही कधी आले नाहीत.

गुरुजी सायकलवरून तिच्या बाजूनं चालले होते. असं म्हणतात, की त्या दिवशी तिची सावली तिच्या मागं पडली होती, आणि झाडांवरची वानरं उड्या मारायची थांबली होती. गुरुजींनी मात्र वेगळं पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि गडव्यातलं पाणी थरथरत होतं, पण सांडत नव्हतं. नाल्याच्या उतारावर तिनं मान वळवली.

"गुरुजी, एक घोट पेऊ का जी?"

गुरुजी म्हणाले, "आता किती राहिलं बाई. थोडंसंच तर राहिलं."

तिनं मान पुन्हा समोर वळवली. मोहापर्यंत धावली, गडवा टेकवला आणि बसली. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेताना, नाक्याच्या अलीकडेच, ती गेली.

असं म्हणतात, की मायला ती पोर आवडली म्हणून मायनं ती ठेवून घेतली. असं म्हणतात, की तो गडवा पावसाळ्यापर्यंत तिथंच भरलेला होता, उन्हानं त्याचा थेंब उचलला नाही आणि पाखरांनी चोच लावली नाही. आणि असं म्हणतात, की गडवा टेकवला त्याच जागी त्या पावसाळ्यात झरा फुटला, तो आजही वाहतो. झरा आहे, हे खरं. पण त्याचं कौतुक कोणी गुरुजींसमोर केलं, की ते विचारायचे, फुटायचाच होता तर अकराच्या आधी का नाही फुटला? मग लोक हळूच उठून जायचे.

पुढल्या चैत्रात एका तरुण पोराला दौडीचा मान मिळाला. तो मोहापाशी आला तेव्हा वाटेत गुरुजी आडवे उभे होते. त्यांनी त्याला थांबवलं आणि गडव्यातलं पाणी प्यायला सांगितलं. भुमक पुढं आला.

"बाजू व्हा गुरुजी. माय कोपेल."

"कोपू द्या," गुरुजी म्हणाले. "मागल्या वर्षी कोपली नव्हती, तरी पोरगी गेली."

त्या पोराच्या छातीचा भाता तेवढा ऐकू येत होता. मग गर्दीतून सोमारीची माय, बिरजाबाई, बाहेर आली. वर्षभरात ती घरातून निघाली नव्हती. तिनं गुरुजींकडे पाहिलंही नाही. त्यानंतरही तिनं कधी पाहिलं नाही, गुरुजींना माफी मिळाली असं कोणीही म्हणत नाही. तिनं गडवा पोराच्या तोंडाला लावला.

"पे, बेटा. तिच्या वाट्याचं पे."

त्यानं अर्धा गडवा रिकामा केला. उरलेला अर्धा भुमकानं दोन्ही हातांनी घेतला आणि टेकडी चढू लागला.

तेव्हापासून कोसंबझरीत कोरडी दौड नाही. नदीपासून टेकडीपर्यंत पाच जागी माठ मांडलेले असतात, त्याला सोमारीचं पाणी म्हणतात, आणि ते वर्षभर, कोणाही वाटसरूला न विचारता मिळतं. दौडीच्या दिवशी मोहाखाली धावणाऱ्याला थांबवून सगळ्यांसमोर अर्धा गडवा पाजतात. मायला अर्धाच पोचतो. माय कोपल्याचं कोणी ऐकलेलं नाही. आणि एखाद्या पोराचे डोळे पिवळे झाले, हाडं दुखू लागली, तर त्या गावात त्याला नाटकी म्हणत नाहीत.

पुढं त्या दुखण्याला नाव मिळालं, सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि नसांमधे अडकून बसतात. ते आई-बापाकडून येतं आणि जन्मभर जात नाही. अशा माणसानं अंग कोरडं पडू देऊ नये. हे नाव कोसंबझरीला बाहेरच्या लोकांकडून कळलं, गाडीतून गेलेल्या त्या रक्ताकडून नाही. नाव कळेपर्यंत आणखी पोरं गेली. काही पेंदामांची होती, काही आत्रामांची. त्यांच्या नावानं कुठं झरा फुटला नाही, म्हणून त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

गुरुजी आता नाहीत. मरेपर्यंत दर वर्षी दौडीच्या दुसऱ्या दिवशी ते एक पत्र टाकायचे. आता ते शाळेतली मुलं टाकतात. आदल्या दिवशी ज्यानं गडवा आणला, तो ते लिहितो. मजकूर गुरुजींचाच आहे, एका ओळीचा. मार्गशीर्षात आमच्या गावातून नेलेल्या रक्ताचा अहवाल पाठवावा, विशेषतः नंबर एकशे सातचा.

प्रत्येक पत्राची पोच आलेली आहे. पोचपावत्या शाळेच्या कपाटात, सोमारीच्या गडव्याशेजारी ठेवलेल्या आहेत.

अहवाल आलेला नाही.